तीन स्वल्पविराम तीन

केमनिट्सहून आलेल्या गुणपत्रकात
दशांशचिन्ह नाही, स्वल्पविराम आहे.
सांख्यिकी : ३,३
जणू मास्तर तीन म्हणाले,
जरा थांबले, खिडकीबाहेर बघितलं,
आणि पुन्हा तीनच म्हणाले.

बाबांनी चष्मा कपाळावर सारून कागद जवळ धरला.
मार्केटिंगात एक पूर्णांक सात? हे कमी पडलं बघ.
सांख्यिकीत बरी हाईस की गं!
तिकडं उलटं असतंय, बाबा.
एक म्हणजे पहिला नंबर, चार म्हणजे कसाबसा पास.
उद्यमबागेत तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला,
डाव्या आट्यांचा बोल्ट म्हण की.

आमच्या विद्यापीठानं नुसतं 'उत्तीर्ण' लिहिलं, क्रेडिट सहा,
माझे ८.४१ जिथल्या तिथं, धक्का नाही.
पण एमबीएच्या अर्जाचं सातवं पान विचारतं :
परदेशात एक सत्र जरी शिकला असाल
तरी मूळ गुणपत्रक जोडा.
खाली एक चौकट.
खुलासा करायचा असल्यास, अडीचशे शब्द.

जोडूच नको, क्लासचे मुतगेकर सर म्हणाले,
एवढ्या गठ्ठ्यात कोण बघतंय?

काय लिहू अडीचशे शब्दांत?
की पहिला महिनाभर वर्गात मला फक्त आकडे कळायचे.
की तेजस्विनी सांबरेकरनं सोपा विषय घेतला, तिला १,०.
की दुपारी चारला अंधार पडायचा
आणि मी दिवा न लावता तशीच बसायची.
हे सगळं खरं.
की परीक्षेआधीचे नऊ दिवस मी प्राग बघत फिरले,
पुलावर उभी राहून गरम काहीतरी प्याले,
पुस्तक पिशवीत होतं, पिशवी खोलीवर.
हेही खरं. हेच जास्त खरं.

बाबांचा डबा घेऊन कारखान्यात गेले तर
त्यांच्या हातात एक कास्टिंग, कुशीत बोटभर पोकळी.
ह्यात पुट्टी भरतात, म्हणाले, वरनं लाल ऑक्साइड मारतात.
गिऱ्हाईक खुशीत घेऊन जातंय.
मग त्याच्या मशीनवर पहिल्याच कटला
भोक उघडं पडतंय.
मला काय कर, ते बोलले नाहीत.
ईराप्पाला हाक मारून तो तुकडा रिजेक्टात टाकायला दिला
आणि भाजी कशाची म्हणून विचारलं.

रात्री शेरा वाचत होते : 'बेफ्रीडिगेंड'.
मराठीत काय ग, आईनं विचारलं.
मी मोठ्यानं म्हटलं, समाधानकारक.
उंबऱ्याशी पावटा सोलत बसलेल्या शेजारच्या गंगव्वाला
त्यातलं 'समाधान' तेवढं ऐकू आलं.
तिच्या कानडीत ते रडणाऱ्याचं करायचं असतं.
हात पदराला पुसून ती उठली,
माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,
समाधान माड्को, अव्वा.
मी रडत नव्हते.
तोपर्यंत तरी नव्हते.

दोनशे अकरा शब्द झाले.
अंधार काढून टाकला, तेजस्विनीलाही काढलं.
प्राग ठेवलं.

आता फाइल चढते आहे, सावकाश,
चाळीस टक्के, चाळीसच, एकेचाळीस.
बाबा जेवून हात पुसत मागे येऊन उभे राहिले,
पडद्यावरचा आकडा वाचला, पुन्हा वाचला,
आणि जपून विचारलं,
ह्यात शंभर म्हणजे चांगलंच, नव्हं?