फुंकणी

ब्लाइथ. मंगळवार, सकाळचे दहा.
नॉर्मन हेस्लॉप, वय एक्याऐंशी.
मी त्याच्या तोंडात पुठ्ठ्याची नळी देते.
"दम धरा. आता फुंका. अजून, अजून, अजून..."
रेघ जराशी चढते आणि बसते,
ओल्या लाकडावरच्या जाळासारखी.
फुंकणी म्हणजे काय, इथे कुणाला सांगू?

खिडकीबाहेर समुद्रात पाच पवनचक्क्या.
"तिथंच होतो मी," तो म्हणतो,
"त्यांच्या पायांच्याही खाली, वाकून.
वर अख्खा समुद्र,
आणि वारा पंख्यानं ढकललेला,
मोजून."

कोळसा उगाळावा तितका काळाच.
यानं उगाळला नाही, ओढला,
आत, खोल.
खाण बुजवली, धक्का धुऊन काढला,
आता गावात एवढाच साठा.

तीनदा करावं लागतं. अजून दोनदा.
तो पात्यांकडे बघत राहतो.
"त्यांना कोण गं सांगतं, पोरी,
फुंका म्हणून?"
हसतो. हसण्याचा खोकला होतो,
खोकल्याचं काहीच होत नाही बराच वेळ.

आम्ही दोघं दम खातो.
मी किटली लावते.
पाणी उकळू लागतं.
वीज समुद्रावरची की कुठल्या भट्टीतली,
किटलीला कळत नाही.