एक-एक टाका

उदगीरच्या मोंढ्यात, डाळमिलच्या मागं
पतसंस्थेचा सर्व्हर ज्या खोलीत ठेवलाय
तिथं आधी जुन्या पावत्यांचे गठ्ठे होते.
वास अजून तोच.
तीन डिस्क. तिसरी उठत नाही.
लाइट जाऊन आली की ती नसतेच,
आणि सकाळी हमाल, आडते काउंटरपाशी उभे,
पिग्मीची खाती उघडत नाहीत.

मी औरंगाबादहून आले, एसटीनं, मांडीवर बॅग.
बॅगेत केबल, टर्मिनेटर,
आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत जम्पर,
नखाएवढे.

चौदा इंची पडदा, कडेनं हिरवट.
मेमरी मोजून होते, मग एक ओळ येते
दोन श्वास टिकेल इतकीच:
कंट्रोल दाबा आणि ए.
हुकलं.
पुन्हा चालू, पुन्हा सगळी मोजणी.
दारात मन्मथअप्पा, रात्रपाळीचे, हातात टॉर्च.
"ताई, काय म्हणायलंय हे?"
"आत जायचं दार एवढाच वेळ उघडं असतं, अप्पा."

निळा पडदा आला.
अडॅप्टरचा नंबर सात, सगळ्यांत वरचा मान त्याचा.
डिस्क शून्यावर, एकावर, दोनावर.
दोघींना एकच नंबर? नाही.
पॅरिटी चालू.
तारेची दोन्ही टोकं बंद;
नाहीतर शब्द टोकाला आपटून माघारी येतो,
किल्ल्याच्या बुरुजाखाली हाक मारावी तसा.
सगळं जिथल्या तिथं होतं.
आणि तिसरी उठत नव्हती.

अप्पा स्टुलावर टेकले. मला नाही, खोलीला सांगितल्यागत बोलले:
"आमच्या डीपीवर अठरा मोटारी हायत्या.
रात्री बाराला लाइट आली की समदे एकदमच बटन दाबायचे.
डीपी धप्प.
मग ठरिवलं, वरच्या अंगानं एक-एक टाकायची.
पयल्याचं पाणी पाटात पडल्याबिगर
दुसऱ्यानं स्टार्टरला हात लावायचा न्हाई."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

तीन पानं आत एक ओळ होती,
मी कायम ओलांडून जाते ती:
डिस्क सुरू करायचा हुकूम अडॅप्टरनं द्यावा का?
नाही, नाही, नाही, असं होतं.
हो केलं. हो. हो.
मग झाकण उघडून डबीतला एकेक जम्पर
एकेकीच्या पाठीला:
हाक येईस्तोवर जागची हलू नकोस.

बदल जपून ठेवायचे? ठेव.

पहिलीची शीळ बारीक होत वर चढली, स्थिरावली.
मग दुसरी.
मग बराच वेळ नुसता पंखा.
अप्पांनी टॉर्च विझवला, का कुणास ठाऊक.
मग अंधारात
तिसरी.

बिलावर लिहिलं: सेटिंग बदलली, जम्पर तीन.
सल्ला कुणाचा, त्याला रकाना नव्हता.
बाराला पाच कमी. अप्पा व्हरांड्यात फोनवर होते,
"शिवलिंग्या, जागा हाईस का?
आज आपली पाळी अकरावी.
धाव्याचं पाणी पडू दे आधी."