लाल धावतो

परदेशातून मेल आला: तुमचा लाल धावतो.
मालकांनी चष्मा कपाळावर चढवला,
"म्हणजे काय हो, मॅडम?"
रन, मी म्हटलं. आर, यू, एन.
पाचवीत कुंटोजीबाईंनी शिकवला होता,
आणि अख्ख्या वर्गाला मैदानाची फेरी मारायला लावली होती,
शब्द पायांत उतरावा म्हणून.

साडेचारशे डझन टॉवेल, पांढऱ्यावर लाल मोर.
पहिल्याच धुण्यात मोर सुटले
आणि कुणाच्या तरी उशांवर, कुणाच्या तरी शाळेच्या शर्टावर
गुलाबी होऊन बसले.
मागावरून गाजुल मामा ओरडले,
"धावू दे की बे!
बोटीत बसून बसून पाय आखडले असतील त्याचे."

मालक हसले नाहीत. पैसे अडकले होते.

रात्री मी जाडा शब्दकोश काढला.
तीन अक्षरं, साडेपाच पानं.
तिकडे नाक धावतं, नळ धावतो.
मोज्याचा एक टाका उसवला तर तोही धावला.
आपला माणूस निवडणुकीला उभा राहतो,
त्यांचा धावतो.
(दोघं पोचतात तिथंच, ते सोडा.)
जुनी मैत्रीण कन्ना चौकात भेटली
तर म्हणे मी तिच्यात धावले,
आणि डब्यातली साखर संपली
तर मी साखरेच्या बाहेर धावले,
जणू डब्याला आग लागलीय.
कसली एवढी घाई या लोकांना?
माझी भाकरी तव्यावर करपली वाचता वाचता.

तिसऱ्या पानावर, वरून सातव्या ओळीत:
यंत्र धावतं. कारखाना धावतो.

आमची गिरणी चालायची.
आप्पांनी ती बावीस वर्षं मराठीत चालवली.
शेजारच्या मागावर ती तेलुगूत नडुस्तुंदी,
फाटकावर इरय्याच्या कानडीत नडीतद,
तिन्ही भाषांत ती पायीच होती.
पळ म्हणून कुणी तिला सांगितलं नव्हतं.
घड्याळ चालायचं, किराणावाल्याकडे वही चालायची,
खोटं नाणंही एखाद्या दुकानी चालून जायचं,
आणि आई कशालाही म्हणायची, चालतंय की.

मग एका सकाळी फाटकावर कागद.
सगळा इंग्रजीत, खाली शिक्का.
दोनशे माणसं कागदाकडे बघत उभी
आणि आप्पांनी मला खांद्यावर घेतलं,
"वाच. तू पाचवीत आहेस."
त्या एवढ्या कागदात
माझ्या ओळखीचे शब्द दोनच निघाले.
नॉट. आणि रन.
मी मोठ्यानं सांगितलं,
गिरणी आता धावणार नाही.

खालून आप्पांचा आवाज आला,
अगदी समजुतीचा,
"नको धावू दे. चालेल ना?"

मागं कुणीतरी हसलं. मग कुणीच नाही.
मला पुढचे शब्द येत नव्हते.
खरं सांगायचं तर अजून येत नाहीत.

आता आप्पा रात्री अडीचला उठतात,
तिसरी पाळी सुटायच्या वेळेला,
आणि दारापासून मोरीपर्यंत चालतात.
थांबा म्हटलं तर थांबतात,
भिंतीला हात लावून, पट्टा उतरलेल्या मागासारखे.

सकाळी मालक म्हणाले, "लिहून टाका,
पुढच्या खेपेला लाल धावणार नाही."
मी टाईप केलं. विल नॉट रन.
आणि बोट तिथंच राहिलं.
खिडकीखाली रंगखात्याच्या गटारातून
लाल पाणी एमआयडीसीच्या उतारानं निघालं होतं,
सावकाश, काठाकाठानं,
एका प्लास्टिकच्या चपलेला वळसा घालून.

"झालं का?" मालक विचारत होते.
मी ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली.
गाजुल मामा डोकावले, पडद्याकडे बघितलं,
एक अक्षर न वाचता म्हणाले,
"चालेल."