चार शब्द

रात्री दोनच्या सुमारास वीज गेली
आणि पावणेतीनला परत आली.
यंत्र परत आलं नाही.
काळ्या पडद्यावर एवढंच: असा विभाग सापडत नाही.
खाली ग्रब रेस्क्यू,
आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ,
काही विचारलंस तर बघू, अशा बेतानं.

मेस्तियाच्या वर, हिमकड्यांवर नजर ठेवणाऱ्या चौकीत
मी, लामारा, अर्धवट झोपेत,
आणि शेगडीशी मुर्झाकान नवेरियानी.
एकोणतीस हिवाळे ही चौकी त्याची होती.
सप्टेंबरात त्याच्या मेंदूत एक शीर फुटली.
तेव्हापासून त्याच्याकडे चार शब्द उरलेत:
हो, बर्फ, आई
आणि ओरी.
ओरी म्हणजे दोन.
आम्ही समजतो, चहात साखरेचे दोन खडे.
तरी रोज संध्याकाळी तो चढण चढून येतो,
आकडे बघतो, मान हलवतो.

पुस्तिकेत लिहिलंय, या अवस्थेत
ग्रबलाही चारच शब्द येतात.
एलएस, म्हणजे काय काय उरलंय ते दाखव.
सेट, म्हणजे हे असं धरून चाल.
अनसेट, ते सोड.
इन्समॉड, हा तुकडा पोटात घे.
बाकीची सगळी भाषा जिथे ठेवलेली
ती जागाच कुणीतरी पुसून टाकली होती.

कुणीतरी म्हणजे मीच.
ऑक्टोबरात डिस्क भरत आली, तेव्हा
तिसरा विभाग, छोटासा, बिननावाचा,
मला अडगळ वाटला.
चालत्या यंत्राला काही कळलं नाही,
तीन महिने ते बिनबोभाट चाललं.
काय गेलंय ते
झोपून उठल्याशिवाय कळतं कुणाला?

एलएस. डिस्क शून्य, विभाग एक:
साऱ्या नोंदी शाबूत, पण कर्नल नाही.
घर आहे, उठवणारं माणूस नाही.
बाहेर वारा फिरला होता,
वरच्या कड्यावर किती साचलंय
हे खाली गावात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

"ओरी," मुर्झाकान म्हणाला.
मी चहा ठेवला.
"ओरी."
दोन खडे टाकले, ढवळलं, कप पुढे केला.
त्याने तो मनगटाने बाजूला सारला
आणि पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं.
"ओरी. ओरी."

विभाग दोन.
मी तो कधी उघडलाच नव्हता.
सेट रूट. सेट प्रीफिक्स.
एक कंस चुकला, पुन्हा.
इन्समॉड नॉर्मल.
नॉर्मल.
आणि यादी उमटली, एकाच ओळीची यादी:
जुनी. फेकू नका.

एंटर दाबला.
ग्रबने कर्नलच्या पाठीवर थाप मारून खो दिला
आणि तो खाली बसला,
नेहमीसारखा, कुणाच्या लक्षात न येता.
पांढऱ्या ओळी धावत सुटल्या:
घड्याळ सापडलं, डिस्क सापडली,
कड्यावरचा मापक सापडला.
शेवटी, नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेलं:

"यंत्र सुरू झालं म्हणून लगेच खुर्चीत बसू नकोस.
आधी दार उघड, बाहेर उभा राहा, कान दे,
मगच आकड्यांवर विश्वास ठेव.
आणि शेगडीत लाकूड टाकून जा, पुढचा गारठतो.
मु. न."

एवढी लांब वाक्यं
मी त्याच्या तोंडून आता ऐकणार नाही.
मोठ्याने वाचली, सावकाश.
त्याचे ओठ माझ्यामागून हलत होते,
एक अक्षर उशिरा.

मी दार उघडलं, उभी राहिले, कान दिला.
आत येऊन नोंद केली:
एकशे चौऱ्याऐंशी सेंटीमीटर, वारा नैर्ऋत्येचा,
दोन तास दहा मिनिटं कोरी.
कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

मुर्झाकानने सारलेला कप पुन्हा ओढला,
गार चहाचा एक घोट घेतला
आणि तोंड वाकडं केलं.
चार महिने झाले,
आम्ही त्याला गोड चहा पाजतोय.