कापूस, कागद, फोम

सप्टेंबरच्या शेवटी ताडपत्री काढली
तर एका गाडीच्या सीटखाली खेकड्याने बिऱ्हाड केलेलं,
आणि लाल गाडीच्या नळीत, फिल्टरच्या पलीकडे,
जिथे काहीच असता कामा नये तिथे,
चिमूटभर वाळू.

कर्द्याची वाळू तशी गरीब दिसते.
वर रव्यासारखी,
पण भरतीच्या रेषेवर काळी, मऊ,
बोटांत घेतली तर लागत नाही.
सिलिंडरमध्ये गेली की लागते.
गेल्या मोसमात याच लालीने निळा धूर सोडला,
पिस्टन, रिंगा, मजुरी मिळून अठरा हजार,
आणि मी फेरीचे घेतो दोनशे.
त्यातही पोरं म्हणतात, काका, वीस कमी करा ना.

दापोलीला मुकादमच्या दुकानी गेलो.
त्याने तिन्ही काउंटरवर मांडले.

कागदाचा, घड्याघड्यांचा,
जूनमधल्या नव्या वहीसारखा.
गाळतो सगळ्यात बारीक,
पण खारी हवा लागली की पापडासारखा सादळतो,
आणि धुवायची सोय नाही, फेकायचा.

कापसाचा, जाळीतला, लालभडक, महाग.
"हवा भरपूर घेतो, शेठ, गाडी उडेल."
उडवून कुठे नेऊ? पुढे समुद्र आहे.

फोमचा म्हणजे
भांडी घासायच्या स्पंजाचा थोरला भाऊ.
दर चार दिवसांनी साबणात धुवा,
पिळायचा नाही, नुसता दाबायचा,
उन्हात नाही, सावलीत,
मग काकवीसारखं तेल चोळा, कडेला ग्रीस लावा.
"खटपट आहे," मुकादम म्हणाला,
"पण वाळू अडते ती तेलाला चिकटून.
नुसती भोकं बारीक असून भागत नाही."

आणि दोन थर बसवले तर?

"गुदमरेल. श्वास तर घेऊ द्या तिला."

हे तो बिल-बुक शोधता शोधता बोलला.

मी नऊ वर्षं चिरेखाणीत कटर चालवला.
तिथे फिल्टर म्हणजे तोंडावरचं फडकं.
संध्याकाळी सोडलं की आतल्या बाजूला
नाकपुड्यांएवढे दोन लाल ठिपके.
बायको ते वेगळं धुवायची,
नाहीतर सगळे कपडे खाणीचे व्हायचे.
भिकाजी गोताड तेवढंही बांधत नसे.
जीव कोंडतो म्हणायचा.
चिपळूणला डॉक्टरांनी त्याची फिल्म खिडकीवर धरली
तेव्हा मी मागे उभा होतो.
जिथे काळं दिसायला हवं
तिथे पांढरं, बारीक, पेरल्यासारखं.
मला वाटलं काचेवरच काही आहे.

"शेठ? कुठला देऊ?"

फोमचे आठ दे, म्हटलं.
चार गाडीत, चार दोरीवर.

आता मागच्या पडवीत
मुलीच्या शाळेच्या मोज्यांशेजारी फोम वाळत असतात.
सुगंधा रोज विचारते,
माझा टब परत तेलकट कोणी केला.
होमस्टेवरच्या एका बाईंनी लांबून पाहिलं,
हे कुठले मासे सुकत घातलेत?
वाळूतले, म्हटलं.
त्यांनी फोटो काढला.

शेवटची फेरी संपते, सुरूच्या बनात अंधार भरतो,
तेव्हा मी लालीचं झाकण उघडतो,
बोटाला पांढरं फडकं गुंडाळून
नळीत आतपर्यंत फिरवतो,
आणि मोबाइलच्या उजेडात धरतो.

पांढरं.
परवाही पांढरं होतं. आजही.

मग ठसका येतो,
तो त्याच फडक्यात घेतो,
आणि झाकण लावायच्या आधी
तेही उलटून पाहतो.