पंधरा सेकंद

मी सेंटर. टीव्हीवर माझं तोंड दिसत नाही,
दिसते वाकलेली पाठ
आणि दोन पायांतून मागे जाणारा चेंडू.
नऊ वर्षांत माझ्या मागे सहा क्वार्टरबॅक उभे राहिले.
मी त्यांना हातांवरून ओळखतो.

एमरी थिबोडोचे हात ऑगस्टमध्ये ओले होते.
लुइझियानाचा पोरगा, बाप कोळंबीच्या बोटीवर.
आमच्या एरीत आला तेव्हा त्याच्याकडे जाड कोटही नव्हता.
हडलमध्ये चालीचं लांबलचक नाव सांगताना
मधेच अडायचा,
पाहुण्यांसमोर उभं केलेलं मूल
तिसऱ्या ओळीवर अडतं आणि आईकडे बघतं, तसा.

त्याची आई हेल्मेटात होती.
मैदानाच्या कडेला उभा क्रोचेक,
तोंडापुढे चालींचा तक्ता धरून
कानात एकेक शब्द घालायचा.
फक्त पंधरा सेकंद उरले की तो आवाज तुटतो.
नियमच आहे तसा.
पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

क्रोचेक हातचा राखून खर्च करणारा माणूस.
पहिल्या डाउनला धाव, मधून. दोन यार्ड.
दुसऱ्यालाही मधून. एक.
तिसऱ्याला आखूड पास,
सात हवे असताना चारचा.
मग लाथ मारून चेंडू त्यांच्या हवाली.
ऑक्टोबरभर हेच.
स्टेट स्ट्रीटवरचा माझा न्हावी
कात्री थांबवून पुढची चाल अचूक सांगायचा.
समोरचा टॅकल तर माझ्या नाकासमोर बसून विचारायचा,
"पुन्हा इकडूनच ना?"
मी काय बोलणार.
इकडूनच.

पोराला जपतोय, म्हणायचा क्रोचेक.
आणि खरंच जपत होता.
आधीच्या पोराला त्याने तिसऱ्याच आठवड्यात
खोल पाण्यात ढकललं होतं;
एका दुपारी अकरा वेळा आपटला तो.
आता टोलेडोत गाड्यांचे विमे विकतो,
दर ख्रिसमसला क्रोचेकला कार्ड पाठवतो.
कार्डात नुसती सही.

नोव्हेंबरात एका हॉटेलात, रात्री,
बर्फाच्या मशीनपाशी एमरीने मला गाठलं.
"तू सारखा खाली बघतोस,
मग कोण घुसणार ते तुला कळतं कसं?"
बोटं बघ, म्हटलं.
ज्याला घुसायचंय तो हातावर भार टाकतो,
नखं पांढरी होतात.
भार नसला की गुलाबी.
तो बराच वेळ आपलीच नखं बघत राहिला,
बादली भरून वाहत होती.

डिसेंबर. सरोवरावरून आलेला बर्फ आडवा पडत होता.
तीन गुणांनी मागे, घड्याळात दीड मिनिट,
आणि अख्ख्या स्टेडियमला ठाऊक
की आता चेंडू हवेतूनच जाणार.
एमरीने हेल्मेटाच्या कानाशी हात नेला,
थांबला.
"काय म्हणाला?" मी विचारलं.
"काही नाही. खोकला."
मी कडेला पाहिलं.
क्रोचेकने तक्ता खाली घेतला होता,
त्याचं तोंड पहिल्यांदाच उघडं दिसत होतं, म्हातारं.

पंधरा.
आवाज तुटला असणार.
टॅकलची बोटं बर्फावर जेमतेम टेकलेली, गुलाबी.
मी मान वर केली नाही.
मागून एमरी बोलला, न अडता.
मधून.
तीच.
ऑक्टोबरभर आम्हाला लाज आणलेली.

हात थंड होते त्याचे, दगडासारखे,
पण कोरडे.

अकरा यार्ड मिळाले.
मग दोन पास गेले, तिसरा ओडमच्या बोटांना लागून निसटला,
आणि सामना आम्ही हरलोच.

मंगळवारी न्हावी म्हणाला,
"मधून? त्या वेळी?
कोणी सांगितली रे ती चाल?"

मी म्हटलं,
कानामागे जरा कमी कर.