मागचं वजन

गाडी नऊशे किलो. ट्रेलर साडेचारशे.
वर स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन,
आणि मी, जेवण करून.
बेरीज सुताच्या वहीत मांडली, अगदी मागच्या पानावर,
म्हणजे राज्यलक्ष्मीला दिसणार नाही.
तिला दिसली.
"अडीच लाखाच्या वर एक रुपया नाही,"
बेरजेखाली तिनं लिहिलं. लाल पेनानं.

गाडीही लालच. दोन माणसांची, उघडी, सन एकसष्टची,
मिलच्या कुठल्याशा साहेबानं बोटीतून आणवलेली.
साहेब गेला, भोंगा गेला, मिल गेली,
ही बॉयलरमागच्या शेडमध्ये विसरली गेली.
थकलेल्या पगाराच्या बदल्यात माझ्या बापानं
ती मागून घेतली.
सगळा साखर पेठ हसला.
बाप तिच्यात बसला नाही कधीच.
खंडेनवमीला मागासोबत तिलाही हळदकुंकू लावायचा, बस्स.

सात वर्षं मी तिचे नट फिरवले.
आता ती चालते.
पण पुण्यापर्यंत चालवत न्यावी इतका
माझा तिच्यावर विश्वास नाही,
आणि मोहोळच्या पुढं तिचा माझ्यावर.

हैदराबाद रोडला, जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर,
दुपारी, चव्वेचाळीस डिग्रीत.
दस्तगीर नदाफ टपावर हात ठेवायचा, चटकन काढायचा.
"काय ओढायचंय?"
"गाडी."
"बंद पडल्याली?"
"नाही. चालू आहे."
तो थांबला. पिंक टाकली.
"चालत्या गाडीला वडायला गाडी? काय बे शेठ."

पहिली पांढरी, डबल केबिन,
काचेवर कुठल्यातरी निवडणुकीचं खरवडलेलं स्टिकर.
आत एवढं गार की मला शेंगाचटणीची भाकरी
बाहेर ठेवून यावीशी वाटली.
चार लाख दहा.
देवळाचं लावावं तसं दार हळूच लावलं.

दुसरी एक साठ. नवा रंग.
रंग नवा दिसला की मी खाली वाकतो.
चासीवर वेल्डिंगचा टाका, बोटभर रुंद,
तुटल्या ताण्याला मारलेल्या गाठीसारखा.
विणकराचा पोरगा आहे, दस्तगीरभाई,
गाठ कुठं तुटते ते मला शिकवू नका.

तिसरीकडं तो बोट दाखवत नव्हता.
अकरा वर्षं मार्केट यार्डात कांदा वाहिलेली,
एक हेडलाइट दुसऱ्यापेक्षा पिवळा,
हौद्यात साली, कोपऱ्याकोपऱ्यात, कागदासारख्या.
दोन पस्तीस.
"हिला कोण घेईना," तो म्हणाला, जरा मायेनंच.

बुधवारी ट्रेलरवर गाडीच्या वजनाइतके बीम बांधून
तुळजापूरच्या घाटात नेली.
चढाला दुसऱ्या गिअरात कुंथली,
एक भरलेली एसटी आम्हाला मागं टाकून गेली,
खिडकीतलं एक पोरगं टाळ्या वाजवत होतं.
मी मनात नाही म्हणून टाकलं.

मग उतार लागला.
बीम मागून ढकलू लागले,
अख्खी मिलच पाठीत बसल्यासारखी.
दस्तगीर पुटपुटला,
"चढाला कुणीबी वडतंय हो.
उतारावर मागचं ढकलाया लागलं
की मग कळतंय."
मी ब्रेक दाबला.
ती थांबली.
डगमगली नाही, ओरडली नाही,
ओझ्याची सवय असलेलं माणूस दारात थांबतं
तशी थांबली.

दोन वीसला सौदा झाला. राज्यलक्ष्मीनं नोटा दोनदा मोजल्या.
"सोमवार ते शनिवार बीम. रविवारी तुमची ती."
नंतर गिअरला गजरा तिनंच बांधला, न विचारता.

पहिल्या रविवारी टेंभुर्णीपर्यंत आरशात
तेवढाच लाल ठिपका.
शर्यतीसाठी घडवलेली,
आणि सगळा रस्ता माझ्या मागं, पंचावन्नच्या वेगानं.
हौदा तीनदा धुतला होता मी,
तरी कुठून तरी एकेक साल निघत होती,
उडत होती,
आणि तिच्या बॉनेटवर जाऊन बसत होती.